विश्वंभरबुवांचा विमा

“उद्याच्या भाकरीची सोय आपण करत नाही. मग परदेशातल्या आजारपणाची सोय कशाला करायची, महाराज?”

विश्वंभरबुवांनी विचारले खरे, पण उत्तराची त्यांना गरज नव्हती. ते आपल्यापाशीच आहे, अशी त्यांची खात्री होती.

कृष्णाकाठच्या त्या मठाचा नेम जुना. रोज पाच घरी माधुकरी मागायची, मिळेल ते खायचे, उद्यासाठी शीतही ठेवायचे नाही. या नेमावर प्रवचने द्यायला बुवा कॅनडाला निघाले होते. उतरणार होते निखिल आणि शर्वरी पटवर्धनांकडे. नुकताच संसार थाटलेले जोडपे. बुवांच्या हृदयात स्टेंट आहे हे निखिलला ठाऊक होते, म्हणून आरोग्य विमा काढल्याशिवाय निघू नका, असे तो फोनवर विनवत होता.

बुवा ते हसण्यावारी नेत. देवाला राखणीला बसवायचे आणि वर दाराला कुलूप लावायचे, हा कुठला न्याय, असे चारचौघांत म्हणत. लोक माना डोलावत.

मठाधिपती आबामहाराजांनी सगळे ऐकून घेतले...

मग खुंटीवरची झोळी काढून त्यांनी बुवांच्या खांद्यावर अडकवली आणि स्वतःही सोबत निघाले.

पहिले घर गुळवण्यांचे. बुवांनी भिक्षा मागितली. घरातल्या सुनेने भात आणि अर्धी भाकरी झोळीत घातली. बुवा पुढच्या घराकडे वळले, तशी महाराजांनी काठी आडवी धरली.

“पुढे नको. मठात उत्सवाची माणसे मुक्कामाला आहेत. त्या सगळ्यांचे जेवण याच दारात माग.”

बुवांना वाटले, महाराज थट्टा करताहेत. पण काठी हलेना.

“महाराज, तीन माणसांचे घर हे. ती पोर कुठून आणणार? आणि मठाला नाही म्हणायला तिची जीभ रेटायची नाही.”

“तुझा भार देवावर आहे ना? माग.”

...

ती सून अजून दारातच उभी होती, हातात रिकामे पातेले घेऊन. बुवांनी झोळीचे तोंड मिटले. त्यांना मेल्याहून मेल्यासारखे झाले.

निखिलही नाही म्हणणार नव्हता. परक्या मुलखात बुवा अंथरुणाला खिळले असते, तर त्या पोराने घर गहाण टाकले असते, पण शब्द काढला नसता. बुवांना हे पक्के ठाऊक होते, आणि आजवर याच खात्रीला ते देवावरचा भरवसा म्हणत आले होते. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरे काय.

“विमा काढतो,” ते हळूच म्हणाले. “विमावाल्यांना स्टेंटचेही सांगतो. पण महाराज, मग तिथे लोकांना कोणत्या तोंडाने सांगू, की देवावर भार टाका?”

आबामहाराजांनी काठी बाजूला घेतली.

“खुशाल सांग. आधी पटवर्धनांच्या खांद्यावरून उतर.”