मेखांच्या बुडाशी

एका उघड्याबोडक्या माळावर एक मेंढपाळ दर उन्हाळ्यात मुक्कामाला यायचा. माळावर झाड म्हणाल तर औषधालाही नाही, आणि वारा मात्र असा की डोक्यावरचं मुंडासं टिकू देणार नाही. तिथे कापडाचं पाल उभं करायचं म्हणजे जिवावरचं काम. दरवर्षी कुणाचं ना कुणाचं पाल उडायचंच.

या मेंढपाळाचं मात्र बारा वर्षांत एकदाही उडालं नव्हतं. दार वाऱ्याच्या उलट बाजूला ठेवायचा, मेखा तिरक्या ठोकायचा, दोर ताणून बांधायचा आणि हात झटकत म्हणायचा, "आता वाऱ्याच्या बापाला हालायचं न्हाई!" लोक वाहवा करत. मग स्वारी फुगून दुसऱ्यांच्या पालांना नावं ठेवत हिंडायची.

त्या लोकांची एक रीत होती. पाल ठोकायचं पुरुषाने, उतरवायचं बाईने. मुक्काम हलला की पुरुष मेंढरं घेऊन पुढे जात आणि बायका मागे राहून मेखा उपटत, बिऱ्हाड घोड्यावर लादत. त्यामुळे आपल्या मेखांच्या बुडाशी काय असतं, ते या गड्याने कधी पाहिलंच नाही.

एका पावसाळ्यात त्याची बायको तापाने गेली. तिने वाटीने दूध पाजून एक पोरकी मेंढी वाढवली होती. जाताना ती एवढंच म्हणाली, "माज्या मेंढीला जपा. तिला कोकरू व्हईल, ते माजंच समजा."

पुढच्या उन्हाळ्यात तळ पुन्हा त्याच माळावर पडला. मेंढी वाटेतच व्याली होती. जुन्या जागेकडे मेंढपाळाला बघवेना, म्हणून त्याने जरा लांब पाल ठोकलं. तेवढ्यात त्याची दहा वर्षांची मुलगी ओच्यात दगड घेऊन आली.

"आबा, ह्यो मेखंपाशी पुरू?"

"माज्या पालाला दगूड? बारा वर्सांत लागला न्हाई. लोक हसतील, टाक तिकडं!"

मुलीच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. पण आईला शब्द दिलेला, म्हणून ती गप्प राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा उठला. मेंढपाळ मेंढरांमागे होता, मुलगी पाण्याला गेली होती. भुसभुशीत मातीतून एक मेख निघाली, मग दुसरी, आणि पाल उडालं. मधला खांब कोसळला तो आत निजलेल्या कोकरावर. मेंढपाळ धापा टाकत आला तेव्हा मेंढी कोकराला चाटत होती. कोकरू काही उठलं नाही.

कापड वाऱ्याने जुन्या जागेपर्यंत नेलं होतं. ते आणायला बापलेक गेले. पावसाने तिथली माती वाहून गेली होती आणि गवतात दगड उघडे पडले होते. आठ दगड, आणि प्रत्येकाला लागून मेखेचं बुजत आलेलं भोक. त्याच्या पालाला मेखा आठच होत्या.

"हे कुनी पुरलं?"

मुलीला रडू फुटलं. "आयनं. तुमी मेखा ठोकून गेला की ती दगूड पुरायची, वर माती सारायची. म्हनायची, आबाला सांगू नगं, त्यास्नी वाईट वाटंल. मी नसल्यावर तू पुरत जा."

मेंढपाळ त्या दगडांपाशी बसला. "एकदा तरी बोलायचंस की गं," तो म्हणाला. मेलेल्या बायकोलाच म्हणाला तो. आणि लहान पोरासारखा रडला.

कोकराला त्याने त्या आठ दगडांच्या मधोमध पुरलं. मग ते दगड उचलून आणले, पाल पुन्हा ठोकून त्याच्या मेखांपाशी रोवले, आणि वर माती सारली नाही. पुढे कुणी त्याच्या पालाची वाहवा केली की तो त्या दगडांकडे बोट दाखवायचा. "पाल तिचं हाय. मी निस्त्या मेखा ठोकतो."

पाल पुन्हा कधी उडालं नाही. पण त्याचं हे बोलणं ऐकायला ती नव्हती.

तात्पर्य: आपलं पाल कुणाच्या हातांनी उभं आहे, हे ते हात असेतोवर विचारून घ्यावं.