सतरा वेळा तीच कमांड

एकदा एका रक्तकेंद्राचा संगणक कायमचा बंद पडला. थॅलेसेमियाच्या चारशे मुलांच्या नोंदी त्यात होत्या. कोणाला कोणतं रक्त चालत नाही, हेही त्यातच. दुपारी मुलं रक्त घ्यायला येणार होती. बॅकअप शाबूत होता. तो नव्या संगणकावर उतरवण्याचं काम मकरंद नावाच्या शिकाऊ तरुणाकडे आलं.

मकरंदने कमांड दिली. चुकांच्या ओळी भराभर पडद्यावरून सरकल्या. माणसाने निदान पहिली तरी वाचावी. छे, यानं शेवटची वाचली, यंत्राला शिव्या घातल्या आणि तीच कमांड पुन्हा दिली. अशी सतरा वेळा. चुका वाढतच गेल्या. नावं आणि रक्तगट मात्र दिसू लागले, म्हणून स्वारी खूश. उरलेलं निस्तरायला त्याने आपल्या गुरू दमयंतीबाईंना बोलावलं.

बाईंनी पडदा पाहिला आणि नवा डेटाबेस समूळ पुसून टाकला.

मकरंदच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाई, सकाळपासून राबून आणलं होतं तेवढंही घालवलंत. आता त्या मुलांच्या आयांना काय सांगू?"

बाई त्याच्याहून संतापल्या होत्या, पण आवाज चढला नाही. "बॅकअप जागेवर आहे. मी पुसला तो तुझा गोंधळ. पहिली चूक कोणती होती?"

त्याने शेवटची सांगितली. बाईंनी रिकामा डेटाबेस घेतला आणि पहिल्याच चुकीला थांब, असं बजावून कमांड दिली. एकच ओळ उमटली: एक एक्स्टेंशन, म्हणजे डेटाबेसला लागणारा जोड-प्रोग्राम, बसवलेलं नाही. त्यावाचून डॉक्टरांच्या टिपणांचा तक्ता तयारच होत नव्हता. ते बसवून बाईंनी पुन्हा कोऱ्या जागेवर सुरुवात केली, आणि सगळं बिनचूक उतरलं.

"नोंदच नसती तर सिस्टरांनी विचारलं असतं," बाई म्हणाल्या. "अर्धी नोंद पुरी दिसते, म्हणून तिला कोणी विचारत नाही. चूक झाली याचा राग नाही मला. यंत्र सतरा वेळा सांगत होतं आणि तू ऐकलं नाहीस, याचा आहे."

मकरंदने एका मुलीची नोंद उघडली. रक्तगटाखाली आता टिपण होतं: मागच्या वेळी त्रास झाला, नेहमीचं रक्त देऊ नये.

"बाई," तो म्हणाला, "मी मघाशीच यादी छापून वॉर्डात दिलीय."

"मग इथे बसलायस कशाला?"

तो धावत वॉर्डात गेला. मुलं अजून यायची होती. यादी परत देताना सिस्टरांनी विचारलं, "काय, मशीनने घोळ घातला का?"

"नाही," तो म्हणाला. "मी घातला."