कासवाची तक्रार

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा प्राणी बोलत असत आणि माणसे त्यांचे ऐकून घेत असत. आता यातले काय बंद पडले, ते तुमचे तुम्ही ठरवा.

एका नगरात एक तळे होते. चारी बाजूंनी दगडी पायऱ्या, पायऱ्यांच्या वर बकुळ, चाफा आणि जांभळाची झाडे, आणि झाडांखाली बसायला मोठा पार. तळे कुणी बांधले हे कुणालाच आठवत नव्हते, त्यामुळे ते सगळ्यांचे होते. पाठीला सुका भोपळा बांधून लहान मुले तिथे पोहायला शिकत. मोठी पोरे गुडघे पोटाशी घेऊन वरच्या पायरीवरून मुटके मारत. म्हातारे पारावर सोंगट्या खेळत, आणि बायका खालच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून सासरच्या गोष्टी सांगत. त्या गोष्टी तळ्यातले कासवही ऐकत असे. ते दीडशे वर्षांचे होते आणि नगरातल्या प्रत्येक सासूची त्याला नीट माहिती होती.

या तळ्याची एक रीत होती. जो पोहायला उतरेल त्याने एक बुडी मारून तळचा ओंजळभर गाळ वर आणायचा आणि एखाद्या झाडाच्या बुंध्याशी टाकायचा. पोरे तर कुणाची ओंजळ मोठी यावरून भांडत. थेंबे थेंबे तळे साचते हे सगळ्यांना ठाऊक असते. ओंजळी-ओंजळीने ते स्वच्छ राहते, हे मात्र त्या नगरात फक्त म्हाताऱ्या माळणीच्या ध्यानात होते. तळ्याकाठची झाडे तीच सांभाळत असे आणि त्याबद्दल तिला नगराकडून पगार मिळत असे.

आता जिथे चार माणसे जमतात, तिथे भांड्याला भांडे लागायचेच.

त्या देशाचा राजा दर माघ महिन्यात नगरोनगरी जाई आणि चावडीवर बसून रहिवाशांच्या तक्रारी ऐके. तक्रार ज्याची त्यानेच सांगायची, असा नियम होता. आणि ती रहिवाशाने सांगायची, नगराच्या पगारी चाकराने नाही, असा दुसरा नियम होता. ज्या नगरात सर्वांत कमी तक्रारी, तिथल्या कारभाऱ्याला राजा स्वतःच्या खांद्यावरचा शेला देई.

या नगरात राजा आला की तळ्याच्याच तक्रारींना अर्धा दिवस पुरत नसे; दुसरी तक्रार क्वचितच निघे.

"महाराज, पोरांच्या मुटक्यांनी माझा वाळत घातलेला पंचा रोज भिजतो."

"महाराज, सोंगट्या खेळताना हे म्हातारे असे ओरडतात की माझं पाळण्यातलं लेकरू दचकून उठतं."

"बकुळीची फुलं मी उठायच्या आत कुणीतरी वेचून नेतं. कोण नेतं ते मला माहीत आहे, पण मी नाव घेत नाही." एवढे बोलून ती बाई शेजारणीकडे बघत राहिली.

एक गलेलठ्ठ व्यापारी पुढे आला. "ही गाळाची रीत बंद करा, महाराज. ओंजळी गळतात, पायऱ्यांवर चिखल होतो. परवा मी घसरलो. पडलो त्याचं काही नाही, पण पडताना सगळ्यांनी पाहिलं."

कारभारी बाजूला मान खाली घालून उभा होता. माणूस सरळ, कष्टाळू आणि भलता टापटिपीचा. त्याच्या घरी चपलासुद्धा रांगेत असत. शेजारच्या नगराच्या कारभाऱ्याने तीन वेळा शेला मिळवला होता आणि याला अजून एकदाही नाही, हे शल्य त्याला होते. बिचारा आयुष्यात कधी तळ्यात उतरला नव्हता, कारण त्याला पोहता येत नव्हते. पुढच्या माघापर्यंत एकही तक्रार उरू द्यायची नाही, असे त्याने मनाशी ठरवले.

त्याने पहिल्याच आठवड्यात मुटके बंद केले. मग गाळाची रीत बंद केली आणि पायऱ्या घासून लख्ख करून घेतल्या. सोंगट्या बंद केल्या, तरी म्हातारे पारावर बसून गप्पा मारत आणि त्याही मोठ्यानेच मारत, म्हणून पाराभोवती काटेरी कुंपण घातले. बकुळीला दुसरे कुंपण. शेवटी एवढी कुंपणे राखण्यापेक्षा सगळ्या तळ्यालाच एक कुंपण बरे, असे त्याला वाटले. तळ्याला फाटक बसले, फाटकाला कुलूप लागले आणि किल्ली कारभाऱ्याच्या कमरेला गेली. माळीण तेवढी झाडांना पाणी घालायला मागच्या झडपेतून आत जाई.

लोक थोडे दिवस कुरकुरले. मग ज्याने त्याने आपापल्या परसात हौद बांधला, दारात चाफ्याची फांदी लावली आणि ओसरीवर एकट्याने बसायची सवय करून घेतली. मुले हौदात उभी राहून तांब्याने अंगावर पाणी घेऊ लागली आणि त्यालाच पोहणे म्हणू लागली.

पुढच्या माघात तळ्याच्या तीनच तक्रारी आल्या. त्याच्या पुढच्या माघात एक. कारभाऱ्याला आता शेला हाताच्या अंतरावर दिसू लागला.

तिसऱ्या वर्षी राजा यायच्या आदल्या दिवशी माळीण पाण्याची घागर घेऊन तळ्यावर गेली, तर कासव पायरीवर येऊन बसले होते. पाणी हिरवे झाले होते आणि त्याला वास येत होता.

"काय झालं, कासवआजोबा?" माळणीने विचारले.

"पोरी, या तळ्याच्या मध्यावर दोन पुरुष पाणी असायचं," कासव म्हणाले. "आज मी तिथं पोहायला गेलो तर पोट गाळाला लागलं. पावसाबरोबर माती येते आणि तिथंच बसते, वर न्यायला कुणी नाही. अजून एक उन्हाळा निघाला तर मला हे घर सोडून जावं लागेल. या वयात मी कुठं जाऊ? आणि खरं सांगू का, घर गेलं नाही तरी मला इथं करमत नाही. तीन वर्षांत मला एकाही सासूची खबर नाही."

माळणीने घागर खाली ठेवली. तिची झाडेही गाळाच्या खतावाचून सुकत चालली होती. "मी कारभाऱ्यांना दोनदा सांगितलं," ती म्हणाली. "ते म्हणतात, आजी, तळ्याची तक्रार एक तरी आहे का? आणि राजापुढं मला बोलता येत नाही. मी पगारी चाकर."

"तू चाकर आहेस," कासव म्हणाले. "मी रहिवासी आहे. पण चावडीपर्यंत चालत जायला मला आठ दिवस लागतील."

"माझी फुलांची पाटी आहे की," माळीण म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चावडी भरली. राजाने विचारले, "कुणाची काही तक्रार?" कुणी बोलेना. राजाने पुन्हा विचारले. राजाने तिसऱ्यांदा विचारले तेव्हा कारभाऱ्याने शेला घ्यायला खांदा थोडा पुढे केला होता.

तेवढ्यात माळणीने गर्दीतून वाट काढत पाटी राजापुढे ठेवली. पाटीत कासव होते. त्याने आधी नाक बाहेर काढले, मग डोके, मग मान. घाई त्याला माहीत नव्हती. राजासकट सगळी चावडी ताटकळत राहिली.

"महाराज," कासव म्हणाले, "माझी तक्रार अशी, की मला कुणाचाही त्रास होत नाही."

लोक हसले. कारभारी पुढे झाला. "महाराज, नियमाप्रमाणे तक्रार रहिवाशाची हवी. हे तर कासव आहे."

"ते तळ्यात राहतं का?" राजाने विचारले.

"राहतं."

"मग रहिवासी आणखी कोण असतो?" राजा म्हणाला आणि कासवाकडे वळला. "नीट सांग. त्रास नाही ही कसली तक्रार?"

"महाराज, पूर्वी रोज कुणीतरी माझ्या डोक्यावर उडी मारायचं. बुडी मारणारे माझ्या पाठीवर पाय देऊन वर जायचे. मी रोज वैतागायचो. पण प्रत्येक जण जाताना ओंजळभर गाळ घेऊन जायचा आणि माझं घर जागेवर राहायचं. आता मला कुणी त्रास देत नाही, आणि माझं घर बुजत चाललंय."

राजा उठला आणि थेट तळ्यावर गेला. मागून सगळे नगर गेले. कुलूप इतके गंजले होते की किल्ली फिरेना, तेव्हा दोघांनी दगडाने ते फोडले. राजा पायऱ्या उतरून खाली गेला आणि त्याने हातातली काठी पाण्यात खुपसली. हातभर पाणी लागले आणि पुढे काठी मुठीपर्यंत गाळात गेली. ती बाहेर काढताना राजाच्या अंगरख्यावर चिखल उडाला.

"तळ्याची ही दशा झाली आणि तुमच्यातल्या एकालाही सांगावंसं वाटलं नाही?" राजाने विचारले.

लोक ओशाळले. एक म्हातारा म्हणाला, "महाराज, तक्रार करायला आधी इथं यावं लागतं. आम्ही येणंच सोडलं होतं."

राजाने काठी पायरीला टेकवून ठेवली. "पहिली चूक माझीच आहे," तो म्हणाला. "तक्रारी किती, एवढंच मी बघत आलो. त्या नाहीत तिथं माणसं तरी आहेत का, हे कधी पाहिलं नाही."

कारभाऱ्याचा चेहरा पार उतरला होता. "महाराज, तळ्याचं वाईट व्हावं असं माझ्या मनात नव्हतं," तो म्हणाला, आणि ते खरेच होते.

"ठाऊक आहे," राजा म्हणाला. "म्हणून शिक्षा हलकी देतो. पोहायला शिका."

शेला त्या वर्षी कुणाच्याच खांद्यावर पडला नाही. राजाने तो माळणीच्या पाटीत अंथरला आणि कासव त्यावर बसून घरी गेले.

त्याच दिवशी कुंपण निघाले. पण जे ओंजळीने होत होते, ते आता ओंजळीने होण्यासारखे राहिले नव्हते. सगळ्या नगराने दीड महिना टोपल्यांनी गाळ उपसला. व्यापाऱ्यालाही डोक्यावर टोपली घ्यावी लागली. तो दोनदा घसरला आणि दोन्ही वेळा सगळ्यांनी पाहिले, पण उचलायलाही तेच धावले. पावसाळ्यात तळे भरले आणि पन्नाशी उलटलेला कारभारी पाठीला भोपळा बांधून पाण्यात उतरला. त्याला शिकवायला बारा जण होते आणि प्रत्येकाची रीत वेगळी होती. दिवाळीपर्यंत तो बुडी मारायला शिकला. पहिली ओंजळ त्याने चाफ्याच्या बुंध्याशी टाकली आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला. इतके बरे त्याला कधी वाटले नव्हते.

पुढच्या माघात राजा आला, तेव्हा रांग चावडीबाहेर वळण घेऊन गेली होती. राजा सकाळपासून तक्रारी ऐकत होता आणि अधूनमधून हसत होता. संध्याकाळ होत आली तेव्हा रांगेतला शेवटचा माणूस पुढे आला. तो कारभारी होता. त्याचे केस अजून ओले होते.

"तुम्ही कसे काय रांगेत?" राजाने विचारले. "तुम्ही तर नगराचे चाकर."

"आज रजा घेतली आहे, महाराज. रहिवासी म्हणून आलोय," कारभारी म्हणाला. "माझी तक्रार आहे. पोहून झाल्यावर मी पूर्वेच्या तिसऱ्या पायरीवर उन्हाला बसतो. आठ दिवस झाले, हे कासव माझ्या आधी तिथं येऊन बसतं आणि काही केल्या हलत नाही."

राजाने निकाल दिला, की दोघांनी शेजारी शेजारी बसावे.

तात्पर्य: सगळ्यांची जागा सगळ्यांच्या वावरानेच जगते, आणि जिथे वावर आहे तिथे थोडी कुरकुर असायचीच.