अण्णांची घरगाडी आणि महिपाच्या तीन गाठी

चिंचघळ नावाच्या एका गावात महिपा नावाचा एक भोळा माणूस होता. भोळे त्या गावात आणखीही होते, पण ते सांगितलेलं विसरून जात. महिपा काही म्हणजे काही विसरत नसे. कोणी काही शिकवलं की तो धोतराच्या सोग्याला एक गाठ मारायचा आणि ते शहाणपण जिवापाड जपायचा. सगळी पंचाईत तिथेच होती.

त्याच गावात फाळके अण्णा राहत. अण्णांनी तीस वर्षं एसटी चालवली. अख्ख्या तालुक्याला समुद्र दाखवून आणला, पण स्वतःच्या बायकोला, हौसाकाकींना, कधी नेलं नाही. अण्णा निवृत्त झाल्यावर काकींनी हे बोलून दाखवलं. रोज, जेवायच्या वेळी. शेवटी अण्णांनी एक जुनी मिनीबस घेतली, आतल्या सीटा काढल्या आणि तिची घरगाडी केली. आत पलंग, गॅसची शेगडी, कपाटं, पाण्याची टाकी, एवढीशी मोरी. सोमवारी पहाटे समुद्राला निघायचं ठरलं.

गाडी आतून साफ करायचं काम महिपाकडे आलं, कारण बाकी गावाला कामं होती.

"सोमवारपातूर गाडी आतनं लख्ख ठेवलीस, तर तुलाबी समुद्र दावतो," अण्णा म्हणाले. "घाण दिसली तर तू हितंच."

महिपाचं वय चाळीस. एवढ्या वर्षांत त्याने गावचा तलाव पाहिला होता, तोही भरलेला दोनदाच. समुद्राचं पाणी म्हाताऱ्या आईला दाखवायला आणावं म्हणून त्याने घरचा तांब्या त्याच दिवशी घासून ठेवला.

"पर अण्णा, साफ कशी करू?"

"सवताचं घर समजून कर की रं," असं म्हणून अण्णा शेताकडे गेले.

महिपाचं घर मातीचं. त्याने दोन पाट्या ताजं शेण आणलं आणि अण्णांच्या सीटपासून मागच्या पलंगापर्यंत गाडी सारवून काढली. ब्रेकच्या खालीसुद्धा हात घातला. बोटांची नक्षी अशी उठली की बघत राहावं. पायरीवर रांगोळी काढली आणि तो वाट बघत बसला.

काकींनी दार उघडलं आणि पदर नाकाला लावला.

"महिपा, ह्ये रं काय?" अण्णांनी विचारलं.

"घर समजलो, अण्णा. सणाला आमी असंच करतो."

"आरं, घर नुसतं म्हणायला. ही गाडी हाय. गाडीची निगा ठेवत्यात तशी ठेव."

महिपाने मान हलवली आणि सोग्याला गाठ मारली. घर नव्हे, गाडी. शेण खरवडण्यात दुसरा दिवस गेला.

महिपाने आयुष्यात एकच गाडी सांभाळली होती, दोन बैलांची. तिची निगा म्हणजे कुरकुरेल तिथे वंगण. त्याने घरगाडीतलं एकेक कपाट उघडून कान लावला. कुरकुरलं. पलंग कुरकुरला. मोरीचा नळ फिरवला, तोही कुरकुरला. महिपाने वंगणाचा डबा आणला आणि कुठेही हात आखडता घेतला नाही. पातेल्यांच्या कड्यासुद्धा सोडल्या नाहीत.

काकी चिवड्याचा डबा घेऊन आत चढल्या. दाराची मूठ धरली, ती हातात राहिना. तोल सावरायला पलंगावर बसल्या आणि पलंगावरून सुटल्या त्या थेट अण्णांच्या सीटपाशी थांबल्या. गाडी अजून सुरूसुद्धा केली नव्हती.

"महिपा, ह्ये रं काय?"

"गाडी समजलो, अण्णा."

"आरं, वंगण चाकाला लावायचं असतंय. बाहिरनं."

महिपाने मान हलवली आणि दुसरी गाठ मारली. वंगण चाकाला, बाहेरून.

समुद्र आपला हुकला असंच त्याला वाटलं. तो तोंड पाडून पायरीवर बसला. काकींना त्याची दया आली. त्यांनी तेलकट पातेली अंगणात काढली आणि त्याला शेजारी बसवलं.

"हे बघ. भांडं आधी रिकामं करायचं. घासायचं. भरपूर पाण्यानं खळबळायचं. मग उपडं घालायचं. आत थेंब ऱ्हायला की वास मारतंय. आन् लागंल तवाच सुलटं करायचं, न्हाईतर पाल शिरती."

महिपाने सगळी पातेली तशीच केली. काकींनी एक उचलून पाहिलं.

"जमलं की तुला," त्या म्हणाल्या.

असं त्याला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. तिसरी गाठ त्याने दोन्ही हातांनी आवळली.

रविवारी अण्णा आणि काकी शेजारच्या गावी कुलदैवताला नारळ फोडायला गेले. "आत कुठं वंगण ऱ्हायलं का बघ," अण्णा जाताना म्हणाले.

महिपाने पाहिलं. सगळीकडेच राहिलं होतं. तो तिसरी गाठ धरून जरा वेळ विचार करत बसला. मग त्याने गाडी रिकामी केली. घासली. विहिरीवरून चाळीस बादल्या आणून खळबळली. पाणी दारातून गेलं, पण कोपऱ्यांत थोडं राहिलंच. थेंब राहिला की वास. वास आला की समुद्र गेला.

हे एकट्याचं काम नव्हतं. चिंचघळात एकट्याला न झेपणारं काम निघालं की इर्जिक घालतात. अख्खा गाव बैल घेऊन येतो, राबतो, जेवतो आणि घरी जातो. इर्जिकीला आलेला माणूस काम कशासाठी ते विचारत नाही. महिपाने इर्जिक घातली. दहा बैलजोड्या आल्या, पन्नास माणसं आली, दोरखंड आले. ओरखडा उठू नये म्हणून खाली दोन गाड्या कडबा अंथरला. चार वाजता काम फत्ते झालं. जेवण म्हणून वाटेसाठी केलेला चिवडा आणि सगळे लाडू वाढले.

ऊन उतरायच्या आत अण्णा आणि काकी परतले.

अंगणात घरगाडी टपावर पडली होती. चारी चाकं आभाळाकडे. खिडक्यांतून पाणी ठिबकत होतं. महिपा वर बसून चाकांना वंगण लावत होता. खाली कडब्यावर त्याचं गाठोडं तयार होतं, आणि शेजारी तांब्या, तोही उपडा.

अण्णांनी गाडीभोवती एक फेरी मारली.

"महिपा," काकी हळूच म्हणाल्या, "ह्ये रं काय?"

"निथळाय घातलीया, काकी. आत थेंब न्हाई ऱ्हाणार. वंगणबी चाकालाच लावलं, बाहिरनं. अशी असली की हात बरा पोचतोय."

अण्णांनी चाकांकडे बोट केलं. "माणसं बोलीव. आत्ताच्या आत्ता सुलटी कर."

महिपाने सोगा पुढे ओढून तिसरी गाठ चाचपली. त्याला अण्णांची कीव आली. तीस वर्षं गाडी चालवली, आणि एवढं साधं माहीत नाही.

"आत्ता कशी करायची, अण्णा? आपण निघणार उद्या पहाटं. रातभर सुलटी ठेवली तर पाल शिरंल. इचारा काकींना."