भागाईनं पळवलेली देवी

या गावची प्रत्येक आख्यायिका मला तोंडपाठ आहे. म्हणजे आहे एकच, आणि तीही दर खेपेला वेगळी निघते. हसू नका, बसा.

तुमच्या आज्यालाही दात यायचे होते, तेव्हाची गोष्ट. आपल्या मोहरवाडीत भागाई नावाची सुईण होती. सगळ्या गावाला तिनंच उलटं धरून पहिल्यांदा रडवलेलं. त्यामुळे पाटलालासुद्धा ती अरे-तुरे करायची.

खालच्या चुनाभट्टीवर फुली नावाची पोरकी पोर होती. तिचा डावा कान कायम वाहायचा. वाहू द्यावा, आतली उष्णता निघते, असं आपली शहाणी माणसं सांगायची आणि वरून गरम तेल ओतायची. जत्रेच्या दिवशी फुली तापानं फणफणली, गरगरली, झोकांड्या खात देवळापुढं पडली. गुरव ओरडला, "आली! देवी आली!"

झालं! पोरीला पाटावर बसवलं, मळवट भरला, हार घातले. लोक पाऊसपाणी विचारू लागले. पोर बोलेना, कारण तापात, ढोलांच्या गोंगाटात तिला ऐकूच येईना. लोक म्हणाले, केवढी गंभीर देवी!

भागाई आली. तिनं वाकून फुलीचा कान हुंगला.

"गुरवा, देवीच्या कानाला असा वास येतो होय रे? पोर मरतीय आणि तुम्ही नारळ फोडताय!"

"हात लावलास तर गाव बुडेल!"

"बुडू दे. पोहायला शिका."

पोर खांद्यावर टाकून ती पळाली. मागं गाव, ढोल, आरडाओरडा. समोर डोंगर. भागाईला बघून डोंगर वाकला आणि त्यानं खिंड दिली, असं म्हणतात. खिंड आधीपासून होती, असंही म्हणतात, पण ते पलीकडच्या गावचे लोक. तिथल्या दवाखान्यात डॉक्टरनं कानामागचं हाड उघडून पू काढला. फुली वाचली. सरळ चालायला तिला वर्ष लागलं, आणि डावा कान गेला तो गेलाच. गाव मात्र बुडालं नाही.

तेव्हापासून जत्रेला भागाईच्या नावानं पालखी थांबते. गुरवानं प्रत्येक पोराचा कान हुंगायचा, पोरानं फरशीच्या रेघेवरून चालून दाखवायचं. चुनाभट्टीची पोरं पहिली. कान वाहणारं पोर जीपमध्ये बसून दवाखान्याकडं निघाल्याशिवाय पालखी उचलत नाहीत. कानात ओतायचं घरचं तेल आता जातं देवीच्या समईत.

यंदा ऊन डोक्यावर आलं तरी पालखी जागची हलेना. रांग लावत होती फुलीची पणती, सरू. मी म्हटलं, "ए सरे, उरक की! देवी कोपेल!"

तिनं डावा कान माझ्याकडं केला. "या कानात सांगा, आबा. आमच्या घरात देवीचा कोप याच कानानं ऐकतात."