बांधापलीकडची सोयरीक

गव्हांच्या राज्यात सगळे एकसारखे दिसत आणि याचा त्यांना फार अभिमान होता. सोयरीक कधी घराबाहेर जात नसे. फूल उमलण्याआधीच बंद दारांआड लग्न उरकले जाई. त्यामुळे लेकरे थेट आईबापांसारखी निघत, आणि आईबाप आजीआजोबांसारखे. बांधापलीकडे रानगवत राहत असे. दूरचे का होईना, नाते होते. पण त्याच्या पानांवर डाग असत, म्हणून चारचौघांत त्याचे नावही कुणी काढत नसे.

एका हंगामात वाऱ्यावरून तांबेरा आला. ही नारिंगी भुकटी आधी एका पानावर बसली आणि आठवड्याभरात राज्यभर पसरली. घरे सगळी एकसारखी; एका घराची कडी काढता आली, की तांबेऱ्याला सगळ्यांचीच काढता येई. ओंब्या भरायच्या आतच पाने करपू लागली.

ओंबीराणी बांधाच्या कडेला उभी होती. तिच्या खालच्या पानांवर तांबेरा चढला होता. मरणाचे तिला एवढे वाटत नव्हते. मागे एक तरी दाणा तगावा, इतकेच हवे होते. शेजारी कुसळी नावाची रानगवताची म्हातारी मात्र डागांसकट हिरवीगार डोलत होती.

"तुझ्याकडे तो येत नाही?" राणीने विचारले. जन्मात पहिल्यांदाच ती कुसळीशी बोलत होती.

"येतो की. पर त्यानं पाय ठिवला, की तेवढी जागा मी सोताच मारून टाकते. त्याला जित्तं लागतं, मेल्यालं खात न्हाई. बसतो उपाशी."

"म्हणजे हे डाग..."

"त्याचं न्हवं, माझं हायेत."

"दुखत नाही?"

"दुखतं तर. पर ठिपक्याएवढंच."

राणीने आपल्या एका फुलातले पराग, आतल्या आत लग्न लागण्याआधीच, खाली सांडले आणि त्याचे दार उघडे ठेवले.

"राणीसाहेब, कुळाचा विचार करा," ताठेप्रधान कळवळून म्हणाले.

"तोच करते आहे."

दुपारच्या वाऱ्याने कुसळीचे पराग आणले. राणी वाळली तेव्हा तिच्या ओंबीत एकच दाणा भरला होता.

पुढच्या हंगामात तो रुजला. भोवती इतरांचे मूठभर सुरकुतलेले दाणे उगवले होते. राणीची लेक वाकडी, बुटकी आणि काटेरी निघाली. शेजाऱ्यांनी नाके मुरडली, आणि खरे सांगायचे तर ती देखणी नव्हतीच. तांबेरा पुन्हा आला. लेकीच्या पानावर ठिपके उठले, तसे शेजारी घाबरून अंग चोरू लागले. तिसऱ्या दिवशी ठिपके सुकले. त्यांतून नारिंगी भुकटी काही उडाली नाही. मग आधी एकाने, पाठोपाठ लाजत लाजत दुसऱ्याने तिला सोयरीक विचारली.

कितीतरी हंगाम गेले. तांबेरा अजून येतो, पानापानावर बसून पाहतो. त्या शेतात आता एकही पान बिनडागाचे नाही, आणि एकही ओंबी रिकामी नाही.