आबासाहेबांना धरून ठेवलं!

"उसानं भरलेल्या ट्रॉलीचं वजन चार किलो? मुलाणी, उद्यापासून घरी बसा!" साखर कारखान्याचे चेअरमन आबासाहेब कडाडले.

वजनकाट्यावरचे मुलाणी पांढरेफटक पडले. त्यांची लेक आफरीन तिथंच कॉम्प्युटरवर रोजंदारीनं बसायची. ती लगेच उठली. "आबासाहेब, अब्बांची चूक नाही. काटा वजन थेट मेमरीतल्या एका खणाच्या पत्त्यावर लिहितो. पण नव्या प्रोग्रॅमला एक कारभारी असतो. तो मेमरी झाडतो, खण इकडचे तिकडं सरकवतो. काटा बिचारा जुन्या पत्त्यावर लिहून मोकळा, आणि पडद्यावर सरकलेल्या खणातला भलताच आकडा!"

"मग हाकल त्या कारभाऱ्याला!"

"केर कोण काढणार मग? मेमरी तुंबेल की!"

"ते मला सांगू नकोस! काटा बदलायचा नाही, कारभारी काढायचा नाही, वजन मात्र बरोबर पाहिजे. माझा चहा संपेपर्यंत जमव, नाहीतर बाप-लेक दोघंही घरी!"

चहा संपायला आधी मिळायला तर हवा! आबासाहेब रागानं येरझारा घालत होते. शिपाई सावळाराम कप घेऊन खुर्चीपाशी आला, तर साहेब खिडकीत. खिडकीत पोचला, तर साहेब दारात. आफरीन बघत राहिली आणि एकदम हसली.

"आबासाहेब, बसा बघू!" तिनं त्यांना खुर्चीत बसवलं आणि दोन्ही खांदे दाबून धरले. "कप हातात येईपर्यंत हलायचं नाही!"

अख्खं ऑफिस गार! सावळारामनं कप हातात दिला. आफरीननं खांदे सोडले. "झालं! आता फिरा कुठंही."

तिनं प्रोग्रॅममध्ये दोन ओळी टाकल्या. वजन लिहून होईपर्यंत तेवढा एक खण कारभाऱ्यानं हलवायचा नाही, लिहून झालं की सोडायचा. बाहेर पुढची ट्रॉली काट्यावर चढली. पडद्यावर आकडा आला, अठरा टन!

"अरे वा! मग तो खण कायमचाच धरून ठेव की!"

"नको आबासाहेब! एकच जण कायमचा जागा अडवून बसला, तर बाकीच्यांनी सरकायचं कुठं?"

आबासाहेब बावीस वर्षं चेअरमन होते! त्यांनी डोळे वटारले, मिशी थरथरली आणि चहा सांडेपर्यंत ते खो खो हसले.

"मुलाणी, काट्यावर पळा, ट्रॉल्या खोळंबल्यात! आणि पोरी, आजपासून कॉम्प्युटरचा सगळा विभाग तुझ्याकडं!"